स्पीकरची फोम रिंग: इंचावर नको, मिलिमीटरवर घ्या

जुन्या म्युझिक सिस्टीमची जाळी काढली, वूफरच्या (बास वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या) कडेला बोट लावलं आणि काळा भुगा हाताला लागला, तर स्पीकर भंगारात देऊ नका. बहुतेक वेळा कोन (हलून आवाज काढणारा शंकूसारखा पडदा), कॉइल (त्याला मागून हलवणारं तारेचं वेटोळं), मॅग्नेट शाबूत असतात. गेलेली असते ती कोन आणि फ्रेम यांच्यामधली फोमची कडा. दुकानात तिला फोम रिंग, फोम एज किंवा सराउंड म्हणतात. हा फोम पॉलियुरेथेनचा असतो. हवेतला ओलावा, ऑक्सिजन आणि ऊन मिळून त्याला आतून कुजवतात आणि साधारण १० ते २० वर्षांत तो चुरा होऊन पडतो. स्पीकर वाजवला काय आणि नुसता ठेवला काय, त्याचं वय थांबत नाही. सोलापूरची हवा कोकणासारखी दमट नाही, हे फोमच्या पथ्यावर पडतं. पण एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो तेव्हा पत्र्याच्या खोलीत, खिडकीतल्या उन्हात किंवा गाडीच्या मागच्या काचेखाली असलेल्या स्पीकरला तो फायदा मिळत नाही.

या दुरुस्तीत नवखा माणूस सर्वात जास्त चुकतो तो रिंग चिकटवताना नाही, रिंग घेताना. दुकानात जाऊन ‘आठ इंची रिंग द्या’ म्हटलं की रिंग मिळते, पण ती बसेलच असं नाही. म्हणून इथे भर रिंग कशी निवडायची यावर आहे. चिकटवणं त्या मानाने सोपं.

आधी स्पीकर तपासा

फोम कुठे असतो आणि कुठे नसतो, हे पहिल्यांदा पाहा. घरातले स्टिरिओ, कॉम्प्युटरचे वूफर, गाडीतले जुने स्पीकर यांत फोम सर्रास सापडतो. गणपती, आंबेडकर जयंती किंवा गड्ड्याच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत वाजणाऱ्या १२, १५, १८ इंची साउंडच्या स्पीकरना बहुधा कापडाची, घड्या घातलेली, वरून लेप दिलेली कडा असते. ती कुजत नाही. तिच्या जागी फोम लावला तर स्पीकर दोन मिरवणुकांतच हातात येईल. दाबल्यावर लवचिक, गुळगुळीत, जड लागते ती रबराची कडा. तीसुद्धा वेगळी.

मग मल्टिमीटर घ्या, २०० ओहमच्या रेंजवर लावा आणि स्पीकरची एक वायर सोडवून दोन्ही टोकांवर धरा. ८ ओहमचा स्पीकर साधारण ५.५ ते ७ दाखवतो, ४ ओहमचा ३ ते ३.६ च्या आसपास. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल जळाली आहे किंवा तिची बारीक तार तुटली आहे. अशा स्पीकरला नुसती रिंग लावून उपयोग नाही, कोन-कॉइल बदलावी लागेल. मीटरचं उत्तर बरोबर आलं, तर दोन्ही हातांचे अंगठे कोनच्या मध्याजवळ समोरासमोर ठेवून तो अगदी हळू, सरळ आत दाबा. कान जवळ ठेवा. खरखर आली तर लगेच निराश होऊ नका. कडा तुटल्यामुळे कोन एका बाजूला झुकला असेल. अंगठे थोडे सरकवून पुन्हा दाबा. कुठूनतरी दाबल्यावर खरखर थांबत असेल तर कॉइल ठीक आहे. कुठूनही दाबलं तरी घासत असेल तर कॉइल वाकडी झाली आहे किंवा गॅपमध्ये, म्हणजे मॅग्नेटमधल्या कॉइल हलते त्या अरुंद फटीत, कचरा आहे. यंत्रमागाच्या शेडजवळ राहणाऱ्यांच्या स्पीकरमध्ये सुताची तुसंही गॅपपर्यंत पोचतात.

साफ करा, मग मापं घ्या, मग मागवा

हा क्रम उलटा करू नका. कोनच्या कडेवर जुना फोम आणि गोंद साचलेला असताना घेतलेलं माप ३-४ मिलिमीटरने चुकतं आणि एवढी चूक रिंग वाया घालवायला पुरेशी आहे.

साफ करण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. जुन्या फोमची आतली पट्टी कोनच्या पुढून चिकटवली होती की मागून, हे त्यात स्पष्ट दिसलं पाहिजे. बाहेरच्या पट्टीवर पुठ्ठ्याची किंवा रबराची गोल पट्टी बसवलेली असते. ती पातळ सुरीने हळूहळू सोडवा आणि जपून ठेवा, पुन्हा लागणार आहे. स्पीकर उभा धरून, म्हणजे भुगा गॅपकडे न जाता खाली पडेल असा, जुना फोम सोलून काढा. फ्रेमवरचा गोंद ब्लेडने खरवडा. कागदी कोनवरचा गोंद कापसाच्या बोळ्याला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून मऊ करा आणि बोटाने चोळून काढा. कागद भिजवू नका. थिनर आणि ॲसिटोन कोनजवळ आणूच नका. प्लास्टिकच्या कोनवरचा लेप आणि कागदी कोनवरचा रंग दोन्ही त्याने उतरतात. स्क्रूड्रायव्हर मॅग्नेटच्या बाजूने फिरवताना घट्ट धरा. तो एकदा खेचला गेला की सरळ कोनच्या आरपार जातो.

कडा काढल्यावर कोन आता फक्त मागच्या पिवळ्या-तपकिरी स्पायडरवर (कॉइलला धरून ठेवणाऱ्या नालीदार कापडी चकतीवर) तरंगतो आहे. त्याला वाजवू नका, दाबू नका, स्वच्छ कापडाने झाकून सपाट ठेवा.

आता मापं. सहा इंची व्हर्नियर इथे अपुरा पडतो. स्टीलची ३०० मिलिमीटरची पट्टी घ्या आणि प्रत्येक माप एकमेकांना काटकोनात दोनदा घ्या. दोन्हींत १ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजा.

स्पीकरवरून घ्यायची मापं तीन. कोनचा बाहेरचा व्यास. फ्रेमवर फोम जिथे चिकटतो त्या सपाट बैठकीचा आतला व्यास. त्याच बैठकीचा बाहेरचा व्यास. रिंगची मापं चार: आतल्या भोकाचा व्यास, फुगवट्याची (रिंगच्या मधल्या अर्धगोल उंचवट्याची) आतली कड, फुगवट्याची बाहेरची कड आणि रिंगचा एकूण बाहेरचा व्यास. आता ही तीन आणि ती चार जुळवायची.

उदाहरण घेऊ. एका ८ इंची वूफरचा कोन १५८ मिलिमीटरचा आहे, फ्रेमची बैठक १८२ पासून २०० पर्यंत आहे. आतली पट्टी कोनवर ६-७ मिलिमीटर चढली पाहिजे, म्हणजे रिंगचं भोक १४४ ते १४६ हवं. फुगवटा कोनच्या कडेपाशी सुरू व्हावा, म्हणजे त्याची आतली कड १५८-१५९. तो कोनवर चढला तर हलताना कोनच्या कडेवर घासतो. फुगवट्याची बाहेरची कड १८२ च्या आत, १८०-१८१ पर्यंत संपावी. बैठकीवर चढलेला फुगवटा अर्धा जखडतो आणि कोन पुरता हलत नाही. एकूण बाहेरचा व्यास २०० पेक्षा किंचित कमी.

यातली कोणती चूक चालते? बाहेरचा व्यास २-३ मिलिमीटर जास्त असेल तर कात्रीने छाटता येतो. भोक लहान असेल तर तेही वाढवता येतं. भोक मोठं असेल तर पट्टी कोनला पकडणार नाही, ती रिंग नको. आणि फुगवट्याची रुंदी चुकली तर काहीच करता येत नाही. म्हणून चारही मापांत सर्वात कडक नजर फुगवट्यावर ठेवा. ‘८ इंच’ हा आकडा फ्रेमचा अंदाज सांगतो, कोनचा नाही. दोन वेगवेगळ्या ८ इंची स्पीकरचे कोन एका सेंटिमीटरने सहज वेगळे असतात.

आतल्या पट्टीचा आकारही बघा. काही रिंगची आतली पट्टी सपाट असते, काहींची कोनच्या उताराप्रमाणे तिरकी. उतरत्या कोनवर सपाट पट्टी दाबून चिकटवली की ती सरळ व्हायचा प्रयत्न करते आणि फ्रेमकडची बाजू हवेत उचलली जाते. ती ओढून खाली चिकटवली तर कोन कायमचा पुढे किंवा मागे ताणलेला राहतो, कॉइल गॅपच्या मध्यातून सरकते आणि आवाज वाढवल्यावर फाटतो. जुन्या फोमचा एखादा तुकडा पट्टीसकट निघाला तर तो फेकू नका, पाकिटात ठेवा. तुकडा पुढ्यात ठेवला की दुकानदारालाही लगेच कळतं, तुम्हाला नेमकं काय हवं आहे.

फोमच का, रबर का नाही

रबर जास्त टिकतं, हे खरं. पण वूफरमध्ये कडेचा मऊपणा हा आवाजाचाच भाग असतो. १९५४ मध्ये अमेरिकेत एडगर विल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी बंद पेटीचा स्पीकर बाजारात आणला. त्यात कोनला मागे खेचण्याचं काम पेटीत कोंडलेली हवा करते, कडेने मात्र शक्य तितकं ढिलं राहायचं असतं. पुढे अशा पेट्यांत फोम रुळला तो याच गुणामुळे: हलका, मऊ आणि लांब झोका देणारा. त्याच्या जागी जाड रबर लावलं की कोनचं वजन वाढतं, कडा ताठ होते, स्पीकरचा रेझोनन्स (कोन ज्या सुरावर सर्वात सहज हलतो तो) सरकतो आणि पेटीचं गणित बिघडतं. आवाज येतो, पण बास पहिल्यासारखा राहत नाही. माझं मत स्पष्ट आहे: कंपनीने फोम लावला असेल तर फोमच लावा. गाडीच्या दाराचा साधा स्पीकर असेल तर रबर लावायला हरकत नाही. तिथे पावसाचं पाणी आणि उन्हाचा तडाखा यांपुढे टिकाऊपणाचं मोल जास्त.

फोमचाही मऊपणा एकसारखा नसतो. मूळ रिंग बोटांत धरल्यावर जशी सहज वळत असेल, त्याच जवळपासची घ्या. बाजारात सगळ्यात सहज मिळणारी जाड, ताठ, चकचकीत काळी रिंग दिसायला मजबूत वाटते, म्हणूनच नवखा माणूस ती उचलतो. बंद पेटीच्या वूफरला ती लावू नका.

सोलापुरातून कुठून आणायची

सुरुवात शहरातच करा. स्पीकरचे कोन बदलून देणाऱ्या कारागिराकडे काही रिंग असतात आणि तो त्या तुमच्या स्पीकरवर ठेवून दाखवू शकतो. ऑनलाइन हे जमत नाही. मात्र त्याच्याकडचा माल साउंडवाल्यांसाठी असतो. घरगुती हाय-फायच्या मापाचा मऊ फोम तिथे नसेल तर ‘बसवून देतो’ यावर समाधान मानू नका.

सोलापूर दोन मोठ्या बाजारांच्या मध्ये आहे, याचा फायदा घ्या. पुण्यात बुधवार पेठ आणि तापकीर गल्लीचा परिसर. हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी निघून त्याच रात्री परत येता येतं. दुसऱ्या बाजूला हैदराबादच्या कोठी भागातली गुजराती गल्ली. सोलापूरच्या पूर्व भागातल्या अनेक घरांत तेलुगू बोलली जाते, भाव करताना तिचा उपयोग होतो. मुंबईला जाणं होणार असेल तर लॅमिंग्टन रोड. जाताना स्पीकर उचलून नेता आला तर सर्वात उत्तम. नाहीतर मापांचा कागद, फोटो, जुना तुकडा आणि पुठ्ठ्यावर गिरवून कापलेला कोनच्या मापाचा गोल सोबत ठेवा. दुकानात रिंग त्या गोलावर ठेवली की पट्टी किती चढते ते डोळ्यांनी दिसतं.

ऑनलाइन मागवताना विक्रेत्याला चारही मापं मिलिमीटरमध्ये विचारा आणि पट्टी ठेवून काढलेला फोटो मागा. ‘८ इंच, सर्व कंपन्यांना चालेल’ एवढंच उत्तर आलं तर तिथून घेऊ नका. रिंग दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट पाठवायला सांगा. घडी घालून लिफाफ्यात कोंबलेल्या रिंगच्या फुगवट्यावर मोड पडते आणि पुढे तिथेच चीर जाते. परदेशातले काही विक्रेते कंपनी आणि मॉडेलनुसार रिंग देतात. दुर्मीळ स्पीकरसाठी तो पर्याय चांगला आहे, पण टपालखर्च आणि कस्टम ड्युटी धरून हिशेब करा.

घ्या ती जोडीने, एकाच लॉटमधली. एकाच बाजूचा फोम गेला असला तरी दुसऱ्या बाजूचाही त्याच वयाचा आहे. शिवाय डावीकडे नवा आणि उजवीकडे जुना फोम असेल तर दोन्हीकडचा बास जुळत नाही. पण पुढच्या वेळेसाठी म्हणून दहा रिंग साठवू नका. फोम कपाटातही म्हातारा होतो.

हातात घेऊन पारखा

दुकानातली रिंग किती जुनी आहे, हा पहिला प्रश्न. पाकिटावर तारीख बहुधा नसते, म्हणून बोटांना विचारा. फुगवटा अंगठा आणि तर्जनीत अलगद दाबून सोडा. चांगला फोम लगेच मूळ आकारात येतो. मोड तशीच राहिली, किंवा मोडीवर बारीक भेगा दिसल्या, तर तो शिळा माल आहे. बोटाने पृष्ठभाग चोळा. बोटाला काळी भुकटी लागली किंवा चिकट वाटलं तर रिंग आतून कुजायला लागलेली आहे, कितीही स्वस्त असली तरी परत ठेवा.

रिंग उजेडासमोर धरून गोल फिरवा. सुईच्या टोकाएवढी भोकं किंवा एखादी जागा जास्त पारदर्शक दिसली तर साच्यात दाबताना तिथे फोम पातळ झाला आहे. बंद पेटीत तिथून हवा गळते आणि तिथूनच फाटतं. फुगवट्यावर ओठ टेकवून फुंकून पाहा, हवा सहज आरपार जाता कामा नये. मग काचेच्या काउंटरवर रिंग ठेवा. ती सगळीकडून टेकली पाहिजे, लंबगोल दिसता कामा नये. जोडीतल्या दोन्ही रिंग सराफाच्या काट्यासारख्या बारीक वजनकाट्यावर टाकता आल्या तर फारच छान. रिंगचं वजन काही ग्रॅमच असतं, पण दोघींत जाणवण्याइतका फरक असेल तर फोमची जाडी सारखी नाही.

घरी आणल्यावर लगेच लावायची नसेल तर हवाबंद पिशवीत, सपाट, अंधाऱ्या कपाटात ठेवा. गच्चीखालच्या तापलेल्या माळ्यावर नको.

चिकटवताना

गोंद न लावता रिंग एकदा बसवून पाहा. आतली पट्टी कोनवर बोटांनी धरल्यावर बाहेरची पट्टी आपोआप बैठकीवर टेकली पाहिजे. ती २-३ मिलिमीटर वर तरंगत असेल किंवा एका जागी सुरकुती पडत असेल तर रिंग चुकीची आहे. अजून गोंद लागलेला नाही, रिंग बदलून घ्या.

कागदी कोनला पांढरा, पाण्यातला गोंद बरा, फेव्हिकॉलच्या जातीचा. तो काही मिनिटं सरकवू देतो. फेव्हिक्विक नको, ते फोमला काचेसारखं कडक करतं आणि तिथूनच तडा जातो. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉनही नको. ते सुकताना आम्ल सोडतं आणि वजनही वाढवतं. पॉलिप्रॉपिलीनच्या कोनला पांढरा गोंद धरत नाही. त्यासाठी स्पीकरच्या कामाचाच रबरी गोंद घ्या आणि रिंगच्या एका कोपऱ्यावर थेंब टाकून फोम वितळत तर नाही ना, हे आधी पाहा.

आतली पट्टी आधी. दोन्ही पृष्ठभागांवर पातळ थर, मग बोटाने गोल फिरत दाबा. १२ ते २४ तास जाऊ द्या. उन्हाळ्यात दुपारी काम करू नका: पट्टी अर्धी फिरवून होईपर्यंत पहिल्या अर्ध्याच्या गोंदावर साय धरते. सकाळी लवकर बसा आणि पंखा बंद ठेवा, तो गोंदही सुकवतो आणि धूळही आणतो.

बाहेरची पट्टी म्हणजे कोन मध्यात आणण्याचं काम. कोनच्या मध्यावरची, कॉइल झाकणारी टोपी शाबूत असेल तर ती न काढता आवाजाने सेंटर करा. मोबाइलवरच्या टोन जनरेटर ॲपमधून ३० हर्ट्झचा सूर ॲम्प्लिफायरला द्या आणि कोन २-३ मिलिमीटर हलेल इतकाच आवाज ठेवा. गोंद ओला असताना पट्टी किंचित इकडे-तिकडे सरकवत राहा. घासण्याची किंचितही खरखर संपून फक्त मऊ घुमारा उरला की ती जागा धरा, कडेने कपड्यांचे लाकडी चिमटे लावा आणि सूर १० मिनिटं चालू ठेवा. टोपी आधीच निघालेली असेल तर दुसरी पद्धत जास्त पक्की: जुन्या एक्स-रे फिल्मच्या चार पट्ट्या कापून कॉइल आणि मधला लोखंडी खांब यांच्यामध्ये चार दिशांना सरकवा. कोन आपोआप मध्यात बसतो. गोंद पूर्ण सुकला की पट्ट्या काढा आणि टोपी लावा. पट्ट्या घट्टही नकोत, ढिल्याही नकोत. घट्ट पट्टी कॉइलचा गोल बिघडवते.

एक दिवसाने पुन्हा अंगठ्यांची चाचणी करा. खरखर एकाच बाजूने येत असेल तर बाहेरची पट्टी त्या भागापुरती ओल्या बोळ्याने सोडवून पुन्हा सेंटर करता येते. पांढऱ्या गोंदाचा हा मोठा आधार आहे. खरखर नाही पण ठराविक सुरावर भणभण येत असेल तर पट्टीचा एखादा इंच सुटलेला असतो. बोटाने गोल फिरत दाबून पाहा, जिथे दाबल्यावर भणभण थांबते तिथे सुईने गोंद सोडा. बास पातळ वाटला तर आधी पेटी आणि स्पीकर यांच्यामधली फट तपासा. तीही ठीक असेल तर दोन दिवस मध्यम आवाजात वाजू द्या, नवा फोम थोडा ताठ असतो आणि वापरात सैलावतो. मीटर असेल तर हे मोजूनही पाहता येतं: ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्यामध्ये १०० ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर लावा, मीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या दोन टोकांवर धरा आणि सूर १५ पासून १५० हर्ट्झपर्यंत हळू वाढवा. व्होल्टेज जिथे सर्वात जास्त, तो रेझोनन्स. दोन्ही बाजूंच्या स्पीकरचे हे आकडे लिहून ठेवा. दोघांत चार-पाच हर्ट्झपेक्षा जास्त फरक राहिला तर एका रिंगचा फोम जास्त ताठ आहे, आणि ती रिंग बदलून घ्यायला हवी.